दुपारी दोनची बाग

भर उन्हाळ्यात एका झाडवेड्या माणसाची बाग बघायला काही मंडळी जमली होती. फाटकातून आत शिरताच जो तो म्हणत होता, किती गार आहे इथं! दहा पावलांवर हायड्रेंजिया या गुच्छांनी फुलणाऱ्या झुडपाचा वाफा होता आणि तिथली यच्चयावत पानं मान टाकून बसली होती. पाहुण्यांतल्या एका बाईंना राहवेना, त्यांनी शेजारची झारी उचलली. बागेच्या मालकांनी काही न बोलता वाफ्यातला पालापाचोळा बाजूला केला, बोट दोन पेरं मातीत खुपसलं आणि त्यांच्यापुढे धरलं. बोटाला ओली माती चिकटली होती. बाईंनी झारी खाली ठेवली, मंडळी ऑर्किडकडे वळली, पण बाईंच्या चेहऱ्यावरचं अवघडलेपण काही गेलं नाही. समोर झाड कोमेजलेलं दिसतंय, हातात पाणी आहे आणि ते घालायचं नाही, हे बघणाऱ्याला निष्ठुरपणाचं वाटतं. आणि तरीही त्या बागेचा सगळा हिरवेपणा त्या न घातलेल्या झारीभर पाण्यात होता, असं वाटत राहतं.

हायड्रेंजियाची पानं मोठी आणि पातळ. दुपारच्या उन्हात त्यांच्यातून जेवढं पाणी वाफ होऊन जातं तेवढं वर चढवणं मुळांना जमत नाही, मग माती कितीही ओली असो. पेशींमधला पाण्याचा दाब उतरतो, देठ लवतो, पान खाली झुकतं. झुकलेल्या पानावर ऊनही कमी लागतं, म्हणजे लवणं हा एका परीनं झाडाचा बचावच. ऊन कललं की तास-दोन तासांत तीच पानं पुन्हा उभी राहतात. भोपळ्याचा वेल, सूर्यफूल, कोलियस, अळू सगळे असंच करतात. खरी परीक्षा सकाळची. सूर्य वर यायच्या आधीच जे पान लोळतंय ते तहानलेलं आहे, त्याला त्याच क्षणी पाणी हवं. मात्र तिथंही बोट मातीत घातल्याशिवाय झारीला हात लावू नये, कारण चिखलात उभ्या झाडाची पानंही हुबेहूब तशीच लोळतात. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती काळी पडून कुजतात आणि पाण्यात उभं असून झाडाला पाणी ओढता येत नाही. वरून बघणाऱ्याला तहान दिसते, तो आणखी पाणी घालतो आणि दोन दिवसांत झाड जातं. उन्हाळ्यात अशी मायेपोटी मेलेली झाडं जवळजवळ प्रत्येक बागेत असतात आणि त्यांचं वाईट सगळ्यात जास्त वाटतं.

झाड दिवसाला किती पाणी पितं, हे स्टीफन हेल्स या शास्त्रज्ञांनी १७२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये तराजूवर मोजलं. त्यांनी कुंडीतलं साडेतीन फुटांचं सूर्यफूल घेतलं, मातीतलं पाणी परस्पर उडू नये म्हणून कुंडीचं तोंड शिशाच्या पातळ पत्र्यानं बंद केलं आणि पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ तिचं वजन केलं. दिवसाच्या बारा तासांत ते एकटं झाड सरासरी अर्धा किलोहून जास्त पाणी हवेत सोडत होतं, कोरड्या कडक दिवशी साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. रात्री मात्र अगदी थोडं, आणि चांगलं दव पडलं तर वजन उलट वाढलेलं. हे प्रयोग १७२७ मध्ये छापून आले. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २.४ मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे विजेच्या युनिटच्या दोन-तृतीयांशाएवढी. फाटकातून आत येताच अंगाला जो गारवा लागतो तो निव्वळ सावलीचा नसतो. हजारो पानं हवेतली उष्णता खर्चून पाणी उडवत असतात, त्याचा तो गारवा.

म्हणून मला वाटतं, बाग बघायचीच असेल तर दुपारी दोनला बघावी.

सकाळी आठ वाजता कुठलीही बाग सुंदर दिसते. पाणी नुकतंच दिलेलं असतं, पानं धुतलेली असतात, तिरप्या उन्हात सगळं झळकतं. दुपारी मात्र कुठलं झाड चुकीच्या जागी लावलंय, कुठली कुंडी तापतेय, कुठं माती उघडी पडलीय, सगळं समोर येतं. पाहुण्यांचं लक्ष फुलांवर असतं आणि मालकाची वर्षानुवर्षांची मेहनत असते ती फुलांच्या खाली आणि वर. वर म्हणजे सावली. चांगल्या बागेत ती टप्प्याटप्प्यानं उतरते. आधी उंच, विरळ पानांचं झाड, ज्याखाली ऊन गाळून येतं. त्याच्याखाली केळी, कर्दळ, हेलिकोनिया. त्यांच्या आडोशाला फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, कॅलाथिया आणि अगदी तळाशी नेचे. प्रत्येक थर खालच्याला ऊन-वाऱ्यापासून राखतो आणि आपली वाफ तिथल्या हवेत सोडतो. झाडं अशी खेटून असली की त्यांच्यामधली हवा दमट राहते. पानांवर दिवसातून चारदा पाणी फवारून हे साधत नाही, तो दमटपणा काही मिनिटांतच वाऱ्यावर जातो.

झाडांची सावली तयार व्हायला वर्षं लागतात, तोवर शेडनेट, म्हणजे ऊन अडवणारी जाळी. बहुतेक पानांच्या झाडांना पन्नास टक्के ऊन अडवणारी पुरते, नेचे आणि कॅलाथियांना सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांची बरी. ती शेंड्यांपासून निदान दोन फूट वर ताणावी. पानांना टेकलेली तापलेली जाळी पानं भाजते आणि खाली हवाही खेळत नाही. मोगरा, बोगनवेल, अडेनियम यांना मात्र तिच्याखाली घेऊ नये. ती हिरवीगार होतील, उंच होतील आणि फुलणार नाहीत. जाळी एकाच बाजूला बांधता येणार असेल तर ती पश्चिमेला बांधावी. सकाळचं ऊन आणि तिसऱ्या प्रहरचं ऊन प्रकाशात सारखं असलं तरी तिसऱ्या प्रहरी हवा आधीच तापलेली असते आणि झाडातलं पाणी दिवसभरात उतरलेलं असतं. पानांच्या कडा करपतात त्या बहुधा याच वेळी.

आणि खाली म्हणजे माती. त्या हायड्रेंजियाच्या वाफ्यात हातानं बाजूला करावं लागलं ते आच्छादन. पाच ते आठ सेंटीमीटर जाडीचा सुक्या पानांचा, भुशाचा किंवा लाकडाच्या ढलप्यांचा थर मातीला थेट ऊन लागू देत नाही आणि ओल धरून ठेवतो. बारीकसारीक गोष्टी इथंच चुकतात. थर खोडाला भिडवला तर तिथली साल सतत ओली राहून कुजते, म्हणून खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी हवी. ताजं कापलेलं गवत जाड पसरलं तर त्याचा चिकट थापा बसतो, आतून तापतो आणि पाणी वरच्या वर वाहून जातं. गवत आधी सुकवून घ्यावं. लाकडाचा ताजा भुसा मातीत मिसळला तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि झाड पिवळं पडतं. तोच भुसा मातीच्या वर पसरला तर हा त्रास फारसा होत नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते कोरड्या मातीवर आच्छादन घालून. मग झारीचं सगळं पाणी तो थरच पिऊन टाकतो. आधी माती खोल भिजवावी, मग ती झाकावी. ठिबकची नळी असेल तर ती आच्छादनाच्या खालून न्यावी.

खोल म्हणजे किती, याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी ओतलं तर ते एक मिलिमीटर पावसाएवढं होतं. मध्यम पोताच्या मातीत चौरस मीटरला २५ लिटर पाणी दिलं तर ओल साधारण १५ ते २० सेंटीमीटर उतरते, वाळूसर मातीत त्याहून खोल, चिकण मातीत कमी. रोज संध्याकाळी पाइप धरून वाफ्यावरून पाच मिनिटं पाणी शिंपडलं तर भिजते ती वरची दोन-तीन सेंटीमीटर माती, जी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा वाळते. मुळंही ओलीच्या मागे वरच राहतात आणि तापतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा सावकाश, भरपूर पाणी द्यावं. ओल कुठवर गेली ते बघायला पाणी दिल्यावर काही तासांनी लोखंडी सळई मातीत दाबावी. ओल्या मातीत ती सहज जाते आणि कोरडं लागलं की अडते. पाणी जिरून गेलंय, माती हाताला गार लागतेय, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचला की फुटतो, तो वाफसा. मुळांना हवा आणि पाणी एकदम मिळतं ते याच अवस्थेत. बागेतली सारी धडपड माती जास्तीत जास्त वेळ वाफशावर ठेवण्याची असते.

मोठ्या झाडाचं पाणी खोडाशी ओतण्यात अर्थ नसतो. पाणी ओढणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर पसरलेली असतात, म्हणून आळं तेवढं रुंद हवं. ठिबक असेल तर महिन्यातून एकदा प्रत्येक ड्रिपरखाली भांडं ठेवून बघावं. तासाला ४ लिटरच्या ड्रिपरनं पंधरा मिनिटांत एक लिटर द्यायलाच हवं. कमी भरलं तर आत क्षार किंवा शेवाळ अडकलंय. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं कढत असू शकतं, ते आधी वाहू द्यावं. पानांवर थेंब राहिले तर ते भिंगासारखे ऊन एकवटून पान जाळतात, हा समज मात्र बराच जुना आहे. २०१० मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलं की गुळगुळीत पानांवर असं होत नाही. पानाला चिकटलेला थेंब किरण एकवटतो ते पानाच्या पुष्कळ खाली. लव असलेल्या पानांवर, थेंब केसांवर वर उचलून धरलेला असेल तर, डाग पडू शकतात. म्हणून झाड खरोखर सुकत असेल तर दुपारीही घड्याळ बघू नये. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते, म्हणून संध्याकाळी पाणी दिलं तर ते मातीलाच द्यावं.

पहाटे अळूच्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब दव नसतो. रात्री पर्णरंध्रं, म्हणजे पानाची वाफ सोडणारी छिद्रं, मिटलेली असतात, मुळं मात्र पाणी वर ढकलत राहतात आणि ते पानाच्या कडेच्या दुसऱ्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर येतं. तो दिसला की समजावं, मातीत ओल आहे आणि मुळं धडधाकट आहेत.

कुंड्यांचं दुःख वेगळं. जमिनीतलं मूळ गारव्याच्या शोधात खाली जाऊ शकतं, कुंडीतलं जाऊन जाऊन कडेपर्यंत जातं आणि तिथंच सगळ्यात जास्त तापतं. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीला दुपारचं ऊन लागलं तर त्या बाजूची माती पन्नास अंशांच्या घरात जाऊ शकते, आणि चाळिशी ओलांडली की बहुतेक मुळांना इजा होऊ लागते. म्हणूनच कधी कधी झाडाची पश्चिमेकडची अर्धी बाजूच सुकते आणि पाण्याची तक्रार शोधून सापडत नाही. मातीची कुंडी अंगातून पाणी पाझरून गार राहते, पण तिला पाणी लवकर लागतं. जाणती माणसं प्लास्टिकची कुंडी तिच्याहून मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवतात आणि मधल्या फटीत भुसा किंवा वाळू भरतात. कुंड्या घोळक्यानं ठेवल्या तर फक्त बाहेरच्या तापतात. तिथं उन्हाची सवय असलेली काटक झाडं लावावीत, मधे नाजूक.

माती एकदा कडकडीत वाळली की ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ तळाशी येतं, बशीत दिसतं आणि पोटभर पाणी झालं असं वाटतं. आतला गोळा कोरडाच. अशी कुंडी उचलली की हलकी लागते. तिच्यावर एकच उपाय, ती बादलीत बुडवून ठेवावी, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, साधारण अर्धा तास, आणि मग निथळू द्यावी. त्या दिवशी खत अजिबात देऊ नये. कोरड्या मुळांना खताचे क्षार सोसत नाहीत, पानांची टोकं जळतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसत असेल तर क्षार आधीच साठलेत, कुंडीच्या दुप्पट आकारमानाचं साधं पाणी सावकाश ओतून ते धुऊन काढावेत. निचऱ्यासाठी तळाशी खडे किंवा खापऱ्या घालायची पद्धत सगळीकडे दिसते, तिचा मात्र फायदा नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. म्हणजे खडे घातल्यानं चिबड थर मुळांच्या आणखी जवळ येतो. निचरा हवा तर सबंध मातीतच जाड वाळू, परलाइट (तापवून फुगवलेले पांढरे हलके खडे) किंवा भाताचं तूस मिसळावं.

निवडुंग, घायपात, सान्सेविएरिया यांचं घड्याळच उलटं चालतं. त्यांची पर्णरंध्रं रात्री उघडतात आणि दिवसा मिटतात, म्हणून ती थोडक्या पाण्यात निभावून नेतात. त्यांना कॅलाथियाच्या शेजारी एकाच ठिबकवर लावलं की काही आठवड्यांत बुंधा पिलपिला होतो.

अशा बागेत पानं उलटी करून बघणारा पाहुणा आला की मालकाचा चेहरा खुलतो. कोरड्या गरम हवेत लाल कोळी ही पानांचा रस शोषणारी बारीक कीड झपाट्यानं वाढते. तीस अंशांच्या आसपास तिची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. पानावर आधी सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके येतात, मग पान धुरकट दिसतं आणि जाळी दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पांढऱ्या कागदावर पान झटकावं. पडलेले कण चालू लागले तर कोळीच. पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवसांच्या अंतरानं तीन-चार वेळा, बहुतेक वेळा पुरतो. सरसकट कीटकनाशक मारलं तर कोळ्यांना खाणारे कीटक आधी मरतात आणि कोळी वाढतच जातो.

इतकं सगळं सांभाळणाऱ्या माणसाकडे बघताना कौतुकाबरोबर थोडी काळजीही वाटते. अशा माणसाला उन्हाळ्यात गावाला जाता येत नाही. पाण्याची वेळ दुसऱ्याला सांगता येते, बोटाची जाण सांगता येत नाही. आणि दुर्मीळ झाडांची ओढ कधी कधी झाडांवरच उलटते. पांढऱ्या पट्ट्यांचा मॉन्स्टेरा मोठ्या हौसेनं आणला जातो. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, झाडाला तो काही कमावून देत नाही आणि उन्हात आधी तोच जळतो. घरातलं झाड कौतुकानं एकदम उन्हात ठेवलं की एका दुपारीत पानावर पांढरट चट्टे पडतात. ते पुन्हा कधीच हिरवे होत नाहीत, नवं पान येईपर्यंत वाट बघावी लागते. सावलीतून उन्हात न्यायला सात ते दहा दिवस घ्यावेत, पहिले काही दिवस फक्त सकाळचा एक तास. पाण्याचा प्रश्नही मनातून जात नाही. एवढं पाणी बागेला का द्यावं, असं कुणी विचारलं तर त्यात गैर काही नाही. झाकलेली माती, रुंद आळी आणि योग्य सावली असलेल्या दाट बागेला उघड्या मातीच्या विरळ बागेपेक्षा कमी पाणी पुरू शकतं, एवढंच आपण दाखवू शकतो.

साडेपाचच्या सुमारास मंडळी परत त्या वाफ्याशी आली तेव्हा हायड्रेंजिया ताठ उभा होता. बाईंनी पान बोटांत धरून बघितलं, मग खाली वाकून पाल्याखाली स्वतःचं बोट घातलं.

निघताना घरी लावायला फांद्या मागितल्या जातात आणि उन्हाळ्यातल्या बऱ्याच फांद्या घरी पोचायच्या आतच मरतात. त्या सकाळी कापलेल्या बऱ्या, पण संध्याकाळीच घ्यायची वेळ आली तर पाणी प्यायलेल्या झाडाची घ्यावी. फुलं-कळ्या नसलेला, दहा ते पंधरा सेंटीमीटरचा शेंडा पेराच्या जरा खाली, स्पिरिटनं पुसलेल्या ब्लेडनं कापावा. खालची पानं काढावीत, वरची मोठी पानं अर्धी छाटावीत, म्हणजे मुळं नसताना पाणी कमी उडेल. टोकाला ओला कागद गुंडाळून, पिशवीत हवा भरून तोंड बांधावं आणि ती उन्हात, गाडीच्या काचेपाशी वगैरे ठेवू नये. अडेनियम, चाफा, शेर अशा चिकाच्या झाडांचं उलट. त्यांचा काप सावलीत आठवडाभर सुकू द्यावा, ओला लावला तर कुजतो. बाकीच्या फांद्या कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि परलाइट समप्रमाणात घेऊन त्यात खोचाव्यात, वर पिशवीचं झाकण, उजेड भरपूर पण ऊन नाही, खत नाही. कोलियसला आठ-दहा दिवसांत मुळं येतात, जास्वंद आणि बोगनवेलीला तीन ते सहा आठवडे लागू शकतात. नवं पान फुटलं म्हणजे मूळ धरलं असं नाही, फांदीतल्या साठ्यावरही पान फुटतं. हलकेच ओढून बघावं, अडलं तर मूळ आहे. झाकण एकदम काढू नये, चार-पाच दिवसांत थोडं थोडं उघडावं. नवं रोप दोन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावं आणि पेरांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय का ते रोज बघावं. दिसला तर तो पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या बोळ्यानं पुसून काढावा. आणि महिन्याभरानं देणाऱ्याला कळवावं, फांदी मेली असली तरी. दुर्मीळ झाडांची माणसं आपल्या झाडाची रोपं मुद्दाम चार घरी देऊन ठेवतात, म्हणजे आपल्याकडचं गेलं तर मागायला जागा राहते, आणि कुठल्या घरी ते जगलंय हे त्यांना माहीत असावं लागतं.